झाडं लावायची तारीख कायद्यात कशी बसते?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा एक परिणाम म्हणजे ‘वनमहोत्सव’ हा शब्द नीट कळायच्या आधीच क्विझच्या कृपेने मला ‘आर्बर डे’ पाठ झाला होता. अमेरिकेतला झाडं लावायचा दिवस. कधी? एप्रिलचा शेवटचा शुक्रवार. एक मार्क. पण मित्रहो, हे उत्तर अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धंच जास्त इंटरेस्टिंग आहे.

सुरुवात झाली नेब्रास्का राज्यात. हे राज्य म्हणजे मैलोन् मैल गवताळ माळ. वस्तीला आलेल्या लोकांना सरपण नाही, घराला लाकूड नाही, वाऱ्याला आडोसा नाही. जे. स्टर्लिंग मॉर्टन नावाच्या वृत्तपत्र संपादकाने जानेवारी १८७२ मध्ये राज्याच्या कृषी मंडळापुढे कल्पना मांडली आणि १० एप्रिल १८७२ ला पहिला आर्बर डे झाला. त्या एका दिवसात दहा लाखांच्या आसपास झाडं लागली असा अंदाज सांगतात. १८८५ मध्ये राज्याने कायद्याने सुट्टीच जाहीर केली. तारीख? २२ एप्रिल, म्हणजे मॉर्टनसाहेबांचा वाढदिवस! (पुढाऱ्यांचे वाढदिवस फक्त आपल्याकडेच साजरे होतात असं नाही.)

पुढे १९७० साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एप्रिलचा शेवटचा शुक्रवार राष्ट्रीय आर्बर डे म्हणून जाहीर केला. तरी राज्यांवर त्याचं बंधन नाही, ज्याने त्याने आपला दिवस ठरवावा. फ्लोरिडात तो जानेवारीचा तिसरा शुक्रवार, साउथ कॅरोलायनात डिसेंबरचा पहिला शुक्रवार, व्हरमाँटमध्ये मेचा पहिला शुक्रवार, हवाईत नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार, आणि अलास्कात मेचा तिसरा सोमवार. हिशोब केलात तर फ्लोरिडा आणि अलास्कात चक्क चार महिन्यांचं अंतर पडतं.

हा गोंधळ नाही, ही अक्कल आहे. थंड प्रदेशात पानझडी झाड हिवाळ्यात झोपलेलं असतं. पानं नसल्यामुळे पाणी फारसं उडून जात नाही, म्हणून कळ्या फुटायच्या आत ते हलवलं तर त्याला धक्का कमी बसतो. पण त्याच वेळी जमीन खणता आली पाहिजे ना! अलास्कात मे उजाडेपर्यंत बऱ्याच ठिकाणी माती गोठलेलीच असते. उलट फ्लोरिडात जानेवारीत लावलेल्या रोपाला उन्हाळ्याच्या आधी मुळं धरायला वेळ मिळतो. हवाईत बर्फाचा प्रश्नच नाही, तिथे नोव्हेंबरच्या सुमाराला पावसाळी दिवस सुरू होतात.

आता कायद्याच्या भाषेकडे बघा. ‘शेवटचा शुक्रवार’ म्हटलं की तो २४ ते ३० एप्रिलच्या मध्ये कधीही येतो, म्हणजे आपल्या भाषेत सात दिवसांचा टॉलरन्स. शिवाय शुक्रवारी शाळा चालू, त्यामुळे खड्डे खणायला पोरं हजर. वाढदिवसाचं तसं नाही, तो रविवारीही येणार. नेब्रास्कानेही १९८९ मध्ये २२ एप्रिल सोडून शेवटचा शुक्रवार घेतला. १०४ वर्षं लागली! कॅलिफोर्नियाने मात्र रोपतज्ज्ञ ल्यूथर बरबँक यांचा वाढदिवस, ७ मार्च, अजून धरून ठेवलाय. तिथे तो चालूनही जातो, कारण पाऊस हिवाळ्यात पडतो आणि मार्चमध्ये माती ओली असते.

पण हवामान थोडंच कायदा वाचतं? अमेरिकी कृषी खात्याने २०२३ मध्ये झाडांसाठी थंडीचा नवा नकाशा काढला, त्यात जवळजवळ अर्धा देश आधीच्या, २०१२ च्या नकाशापेक्षा अर्धा पट्टा उबदार निघाला. वसंत लवकर येतो, कळ्या लवकर फुटतात, आणि तारीख मात्र विधिमंडळाने हलवल्याशिवाय हलत नाही.

आपल्याकडे कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे पाऊस बघून. तरी आपली पोस्टर्स लागतात ५ जूनला, पर्यावरण दिनाला. हा दिवस कशावरून आला? ५ जून १९७२ ला स्टॉकहोममध्ये संयुक्त राष्ट्रांची परिषद सुरू झाली त्यावरून. स्टॉकहोमचा आणि मान्सूनचा काय संबंध? त्या दिवशी महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पावसाचा पत्ता नसतो, आणि हॉस्टेल सुट्टीमुळे रिकामं, मग पाणी घालणार कोण? तेव्हा कार्यक्रम ठरवणाऱ्या सरांना आणि जी.एस.ला एक विनंती: ५ जूनला भाषण आणि चहा जरूर ठेवा, खड्डेसुद्धा खणून ठेवा. रोपं मात्र दोन-तीन दमदार सरी होऊन गेल्यावर आणा. तोपर्यंत आम्हीही परत आलेले असू.