मोहफुलातला इथर

मार्च-एप्रिलच्या पहाटे इटियाडोह धरणाभोवतीच्या जंगलात मोहाची फुलं टपटप गळतात. फिकट, रसरशीत फूल जिभेवर ठेवा, गोड लागतं. वाळल्यावर त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. फुलांचा सडवा आंबला की त्या साखरेचं इथेनॉल होतं, म्हणजे मद्यार्क. हे गोंदिया जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. पण पुढचं ऐका!

प्रयोगशाळेत मद्यार्कात तीव्र सल्फ्युरिक आम्ल मिसळून तापमान 140 अंशांवर राखलं, की वाफेबरोबर इथर बाहेर पडतो. 16 ऑक्टोबर 1846 रोजी बॉस्टनमध्ये रुग्णाला गुंगी देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली, ती याच इथरने.

मग मद्यार्कात बदललं तरी काय? दोन रेणू जोडले गेले आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडला, बस्स! 92 ग्रॅम मद्यार्क पूर्ण बदलला तर 74 ग्रॅम इथर आणि 18 ग्रॅम पाणी. आम्ल पाणी ओढून घेत असेल, असं तुम्हाला वाटेल. पण पाणी तर इथरसोबतच वाफ होऊन येतं! मग आम्ल करतं काय? 1850च्या सुमारास लंडनमध्ये अलेक्झांडर विल्यमसन यांनी हे कोडं सोडवलं.

आजच्या भाषेत सांगायचं, तर आम्ल मद्यार्काच्या ऑक्सिजनला एक प्रोटॉन देतं. एरवी ऑक्सिजन-हायड्रोजनची ती जोडी कार्बनला सोडायला तयार नसते. प्रोटॉन चिकटताच तिचं पाणी होतं आणि पाणी सहज निघून जातं. त्याच क्षणी दुसऱ्या रेणूचा ऑक्सिजन पाठीमागून कार्बनला भिडतो. जोड जमली! प्रोटॉन मात्र मोकळा, लग्न जुळवून पुढच्या घरी निघालेल्या मध्यस्थासारखा.

आता तापमान तीसेक अंशांनी वाढवा. तेच आम्ल, तोच मद्यार्क, पण आता मुख्यतः इथिलीन वायू निघतो. आंबा पिकताना स्वतः सोडतो तोच वायू!

मद्यार्क 78 अंशांना उकळतो, तर त्याहून जड रेणूचा इथर अवघ्या 34.6 अंशांना. रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारा ऑक्सिजनवरचा हायड्रोजनच गेला ना! गोंदियाच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो; त्या उन्हात उघड्या बाटलीतला इथर आपोआप उकळेल. त्याची वाफ हवेच्या अडीचपट जड, जमिनीलगत सरपटत दूरच्या चुलीपर्यंत पोहोचते आणि पेट घेते. म्हणून हा प्रयोग घरी कधीही करू नका.