न जाळता कापणारा प्रकाश : डॉ. रंगस्वामी श्रीनिवासन यांचे संशोधन

धान्याच्या व्यापारात दृष्टी हेच पहिले भांडवल होय. पोत्यातून काढलेली वानगी तळहातावर घेऊन दाणा किडका की निरोगी, जुना की नवा, हे ज्यास क्षणात उमगत नाही त्याने रविवार पेठेत पेढी उघडू नये, असे आमचे तीर्थरूप म्हणत असत. प्रस्तुत लेखकाची दृष्टी आता चष्म्याच्या आधाराने चालते; परंतु हा लेख लिहिण्यास निमित्त झाली ती आमची नात. वय वर्षे बावीस, दोन्ही डोळ्यांस उणे साडेसहा नंबर. विवाहाची बोलणी सुरू होताच पाहुण्यांनी चष्म्याविषयी नापसंती दर्शविली आणि लेसरने नंबर घालविण्याचा हट्ट तिने धरला. “प्रकाशाने डोळा जाळून घ्यावयाचा काय?” असे मी विचारले. “आजोबा, तो जाळीत नाही,” एवढेच ती म्हणाली. ते कसे, याचा शोध घेताना एका भारतीय रसायनशास्त्रज्ञाची हकीकत वाचनात आली.

डॉ. श्रीनिवासन यांचा जन्म १९२९ सालचा. मद्रास विद्यापीठात शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले व १९५६ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डॉक्टर झाले. १९६१ पासून सुमारे तीस वर्षे त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील आय. बी. एम. कंपनीच्या वॉटसन संशोधन केंद्रात काढली. ते नेत्रवैद्य नव्हेत. अतिनील प्रकाश पडला असता पदार्थाच्या रेणूंचे काय होते, हा त्यांचा विषय. आणि कंपनीस हवे होते प्लॅस्टिकवर सूक्ष्म नक्षी कोरण्याचे साधन. अरगॉन व फ्लोरीन या वायूंच्या योगाने चालणाऱ्या एक्सायमर लेसरचा १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश प्लॅस्टिकवर सोडला असता ते वितळत नाही, करपत नाही. त्याचा अतिशय पातळ थर तेवढा उडून जातो, असे त्यांस आढळले. हा प्रकाश रेणूंमधील बंधच तोडतो. सुटलेले तुकडे आपल्याबरोबर ऊर्जाही घेऊन निघून जातात, म्हणून खालच्या थरास आच जवळजवळ लागत नाही. माझ्या प्रश्नाचे उत्तर ते हेच.

सजीवाच्या ऊतीवरही असेच होईल काय, हा प्रश्न श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी जेम्स विन व सॅम्युअल ब्लम यांस पडला. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण झाला आणि दुसऱ्या दिवशी, २७ तारखेस, श्रीनिवासन घरच्या मेजवानीतील टर्की पक्ष्याचे उरलेले अवशेष घेऊन प्रयोगशाळेत गेले. आपल्या वाचकांस हे वाचून बरे वाटणार नाही. मलाही वाटले नाही. परंतु जे घडले ते लपवून लिहिणे योग्य नव्हे. अतिनील प्रकाशाने पडलेली खाच स्वच्छ निघाली. तुलनेसाठी वापरलेल्या हिरव्या लेसरने मात्र कडा करपल्या. पुढे मनुष्याच्या एका केसावर त्यांनी ओळीने चौकोनी खाचा पाडल्या. ते छायाचित्र जगभर गेले.

१९८३ साली कोलंबिया विद्यापीठाचे नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल त्यांस येऊन मिळाले आणि गुरांच्या काढलेल्या डोळ्यांवर प्रयोग झाले. १९८८ साली डॉ. मार्गरिट मॅकडोनाल्ड यांनी पाहणाऱ्या मानवी डोळ्यावर ही शस्त्रक्रिया प्रथम केली. ज्या स्त्रीने डोळा पुढे केला, तिचा तो डोळा कर्करोगामुळे काढावाच लागणार होता. या प्रकरणातील कोणत्याही शास्त्रज्ञापेक्षा त्या बाईंपुढे माझे मस्तक अधिक नमते. १९९५ साली अमेरिकी सरकारची मान्यता मिळाली; १९९० नंतरच्या दशकात लॅसिक सर्वत्र पसरले. २०१३ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते श्रीनिवासन, विन व ब्लम यांच्या कार्यास राष्ट्रीय पदकाचा मान मिळाला.

आता हिशेब. कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडदा, जाडीला सुमारे अर्धा मिलिमीटर. म्हणजे पाचशेहून थोडे अधिक मायक्रॉन. लेसरचा एक ठोका त्यातील सुमारे पाव मायक्रॉन उडवितो. सहा मिलिमीटर रुंदीचा भाग घडवावयाचा तर दर नंबरामागे अदमासे बारा मायक्रॉन खर्ची पडतात. शिवाय लॅसिकमध्ये आधी वरचा शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा पापुद्रा उचलावा लागतो, आणि त्याखाली निदान अडीचशे शिल्लक राहिले पाहिजेत. अन्यथा पडदा पुढे फुगण्याचे भय.

आमच्या नातीचा पडदा भरला ४५५. पापुद्र्याचे एकशेदहा आणि नंबराचे अठ्ठ्याहत्तर वजा जाता उरतात दोनशे सदुसष्ट. म्हणजे वरकड अवघी सतराची. त्यात पडद्याच्या नकाशावर खालच्या अंगास किंचित उंचवटा दिसला. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेस स्पष्ट नकार दिला. घेतले असते तर पैसे त्यांस मिळालेच असते, हे व्यापारी म्हणून मी जाणतो.

परतताना मोटारीत ती रडली. आठ दिवसांनी स्वतः जाऊन चष्म्याची नवी चौकट घेऊन आली. चष्मा कायम राहील, असे पाहुण्यांस पत्राने कळविले आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.