मंगळवार सोडून

देवगिरी एक्स्प्रेस मुंबईहून निघते ती आमच्या स्टेशनात पहाटे अंधारातच येते. त्याच नावाची उलटी गाडी रात्री उशिरा मुंबईकडे जाते. या दोन देवगिरींच्या मध्ये जो एक दिवस सापडतो, त्यात दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, मकबरा आणि पाणचक्की कोंबून बसवणं हा आमच्या गावातला एक धंदा आहे. तो जवळून बघायचा म्हणून डिसेंबरातल्या एका बुधवारी साडेसहाला मी क्रांती चौकात उभा होतो.

आमच्या गल्लीत राहणारे टॅक्सीवाले मामू (इथं प्रत्येक गल्लीत एखादा मामू असतोच) मला सोबत न्यायला तयार झाले होते. पार्टी ठाण्याची. नवरा-बायको, सातवीतली मुलगी आणि आजी. चौकाजवळच्या लॉजवर दोन तासांसाठी खोली घेऊन चौघं आंघोळी उरकून खाली आले. "हे आमचे मास्तर, मागे बसतील, त्रास नाही देणार," अशी माझी ओळख झाली आणि मी शेवटच्या सीटवर बॅगांच्या शेजारी बसलो.

गाडी सुरू करायच्या आधी मामूंनी आरशातून आजींच्या पायांकडे पाहिलं. त्या एका नजरेत अर्धा दिवस ठरला. बायकांच्या पायात चपला की बूट, मूल किती वर्षांचं, म्हाताऱ्या माणसाचा गुडघा कसा, पाण्याच्या बाटल्या किती, हे बघून ते वजाबाकी सुरू करतात. टॅक्सीचा हिशेब ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ असा असतो आणि घड्याळ पार्टी बसल्यापासून नाही, गाडी घरून निघाल्यापासून चालतं. या पार्टीनं दिवसभराचा वेगळा दर ठरवला होता. तरी वजाबाकी चुकत नाही, कारण सूर्य दिवसभराच्या दरानं चालत नाही.

क्रम ठरलेला आहे आणि त्यामागं डोकं आहे. दौलताबाद सकाळी, कारण चढ उन्हाआधी व्हायला हवा. वेरूळ दुपारी, कारण वेरूळचा डोंगर पश्चिमेकडं तोंड करून आहे, दुपार कलली की ऊन लेण्यांत शिरतं. मकबरा शेवटी, कारण तो शहरात आहे. खुलताबाद मधे, वाटेवर. भद्रा मारुतीला दहा मिनिटं, ती आजींची. औरंगजेबाची कबर बघायची का, हे मामू विचारत नाहीत. पार्टीनं विचारलं तर थांबतात.

दौलताबादला आई आणि आजी खाली थांबल्या, बाप-लेक वर गेले. मामूंनी त्यांना दीड तास दिला. मी खाली मामूंबरोबर राहिलो, कारण मला किल्ला नाही, मामू बघायचे होते. त्यांनी आधी काच पुसली, मग चहा घेतला, मग दुसऱ्या तीन ड्रायव्हरांशी बोलून वेरूळला पार्किंग कसं आहे, वेशीपाशी गाड्या अडकल्यात का, याची खबर घेतली. वेरूळच्या जुन्या रस्त्यावर दौलताबादची वेस आहे, तिच्या कमानीतून एका वेळी एकच मोठं वाहन जातं. तिथं एखादी सहलीची बस आडवी आली, की दुपारच्या लेण्यांतला एखादा आकडा गळतो. मामू स्वतः शेवटचे वर कधी गेले, विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि मुलगी लहान होती तेव्हा, म्हणाले. ती मुलगी आता सासरी आहे.

यादवांची राजधानी बघून बाप-लेक घामाघूम होऊन आले. मुलीला अंधारी फार आवडली होती. अंधारीचा बोगदा शत्रूला चकवण्यासाठी होता, हे तिनं मामूंना समजावून सांगितलं. मामूंनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. हेही कामातच येतं.

वेरूळला तिकिटाच्या खिडकीवर भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६०० असा फरक आहे. आत ३४ लेणी, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, शेवटची पाच जैन. मामूंच्या भाषेत हा सगळा डोंगर तीन आकड्यांत मावतो. "सोला, दस, और टाइम मिला तो बत्तीस." सोळा म्हणजे कैलास, दहा म्हणजे विश्वकर्मा, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, आणि बत्तीस म्हणजे जैनांची इंद्रसभा. ती बाकीच्यांपासून लांब, किलोमीटरभर पुढं आहे. त्यामुळं बत्तीस कायम ‘टाइम मिला तो’मध्ये असते.

लायसनवाला गाइड घेतला असता, तर त्यानं बहुधा कैलासाच्या बाजूच्या वाटेनं आधी वर नेलं असतं. वरून पाहिल्याशिवाय ते देऊळ वरून खाली कोरलंय हे कळत नाही, खालून ते बांधल्यासारखंच दिसतं. पार्टीनं गाइड घेतला नाही, म्हणून बाजूची वाट मी दाखवली. मुलगी कड्याच्या काठाशी बराच वेळ उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मग काढलेला दगड कुठे टाकला?" वडील घड्याळ बघत होते. हा प्रश्न मी चाळीस वर्षं या गावात राहून स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

बत्तीस राहिली. साडेतीनला शोरूमला पोचायचं होतं.

शोरूमची वेळ हलत नाही. लेणी कमी होतात, चढ कमी होतो, जेवण गाडीत होतं, पण शोरूम होतं. दाराशी हातमाग मांडलेला. विणकर हिमरूचा धोटा फेकून दाखवतो, पार्टी दोन मिनिटं बघते आणि पुढचा तासभर पैठण्यांत जातो. मामू बाहेर थांबतात. आत काय खपलं त्यावर त्यांचं कमिशन ठरतं. मला त्याचा राग येत नाही. भाडं सांगताना शेजारच्या गाडीपेक्षा शंभर रुपये कमी सांगावे लागतात, ते शंभर कुठून तरी यायचेच. पण मग ते शंभर भाड्यातच सांगावेत आणि बत्तीस नंबर दाखवावी. पैठणीचा पदर बघण्यात गेलेला तास इंद्रसभेचा होता, आणि पार्टीला ते कोणी सांगत नाही.

माझा भाचा हॉटेल मॅनेजमेंट करून मायामीहून सुटणाऱ्या क्रूझवर दोन वर्षं होता. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर जहाज सकाळी लागे आणि संध्याकाळी सुटे. त्याच्या तोंडून ऐकलेला तो दिवस मला शोरूमबाहेर उभं असताना आठवला. धक्क्यावरून बाहेर पडताना आधी दागिन्यांची दुकानं, मग टॅक्स्या, मग बेट. दुपारी निम्मे प्रवासी जेवायला जहाजावर परत, कारण तिथलं जेवण आधीच तिकिटात धरलेलं. जहाजाच्या कंपनीकडून घेतलेली सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं. स्वतःच्या हिमतीनं फिरायला गेलेल्यासाठी थांबत नाही, लोक धक्क्यावरून धावताना दिसतात. जहाजाचं घड्याळ आणि बेटाचं घड्याळ यांत कधी तासाचा फरक असतो, हेही पुष्कळांना धावताना कळतं. भाचा स्वतः उतरायचा ते वायफाय शोधायला. धक्क्याजवळच्या एका कॅफेत बसून आईशी बोलायचा आणि ड्युटीवर परतायचा. काही दिवस तेही नाही, कारण बंदरात असताना काही कर्मचाऱ्यांना जहाजावरच थांबावं लागतं. कोझुमेल कसं आहे, विचारलं की तो म्हणतो, नेट चांगलं आहे.

आपल्याकडं रुळांवर चालणारं तसलं जहाज २००४ पासून आहे, डेक्कन ओडिसी. पाहुणे तिच्यातच झोपतात, तिच्यातच जेवतात, आमच्या गावात उतरून वेरूळ बघतात आणि पुन्हा गाडीत. ठाण्याच्या पार्टीनं निदान वेरूळच्या हॉटेलातून थालीपीठं बांधून घेतली.

मकबऱ्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. इथं मामूंनी घाई केली नाही. आता मागं काही राहिलं नव्हतं, पाणचक्की जाता जाता खिडकीतून होणार होती. मकबऱ्याला ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च आला, असं जुन्या नोंदीत आहे. ताजमहालाशी तुलना करून लोक नाक मुरडतात. संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटाला, बाकी दगड आणि गिलावा. आजी कारंज्याच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "आज दिवसभरात पहिल्यांदा नीट बसले."

परतीला क्रांती चौकाचा सिग्नल लाल होता. महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यावर दिवे लागले होते. आधीचा पुतळा शेजारच्या उड्डाणपुलापुढं ठेंगणा दिसायला लागला, म्हणून चौथरा उंच केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये नवा पुतळा उभा राहिला, चौथऱ्यासकट ५२ फूट. मुलीनं विचारलं, "याला क्रांती चौक का म्हणतात?"

मी पुढं वाकलो. सांगायला लागलो की या जागेला काळा चबुतरा म्हणत, १८५७ मध्ये इथल्या छावणीतले हैदराबाद कंटिन्जंटचे घोडेस्वार इंग्रजांविरुद्ध उठले, पकडलेल्यांना इथं...

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले, मामूंनी उस्मानपुऱ्याकडं गाडी वळवली, आईनं पान कुठं चांगलं मिळतं ते विचारलं. सकाळी ज्या चौकात ती पार्टी गाडीत बसली, रात्री त्याच चौकातून ती पुढं गेली. दिवसभरात या चौकाला तिनं दिला तो एक सिग्नल.

देवगिरी वेळेवर आली. घरी येताना मामूंनी मला पुढच्या सीटवर बसवलं.

तुम्ही एका दिवसासाठी येणार असाल, तर गाडीत बसतानाच सांगा की शोरूम नको, त्याचे पैसे भाड्यात धरा, आणि बत्तीस नंबर आधी दाखवा. मामू ऐकतात, सांगणारा हवा. आणि मंगळवारी येऊ नका, वेरूळ बंद असतं. सोमवारी अजिंठा.