फासे, सोंग आणि प्रेम

हलकीफुलकी प्रेमकथा हवीय? क्रिस्टी बॉइसची ‘डन्जन्स अँड ड्रामा’ (2024) वाचाच. संगीतनाटकवेडी रायली आईची गाडी न विचारता नेते. शिक्षा म्हणून शाळा सुटल्यावर वडिलांच्या गेमच्या दुकानात काम. तिथे काम करणारा नेथन तिच्या कामाच्या पाळ्या सांभाळणार, बदल्यात ती त्याच्याशी लाडीगोडी करून त्याला आवडणाऱ्या मुलीला जळवणार! मग त्याच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या टेबलावर बसणं आलंच.

1974 पासूनचा हा खेळ भारी आहे. तुमच्या पात्राला पहारेकऱ्याला गोड बोलून पटवायचंय? वीस बाजूंचा फासा टाका, आकड्यात पात्राच्या ‘करिष्म्या’वरून ठरणारी अधिक-उणे भर मिळवा, बेरीज ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी पडली की फजिती. सोंग वठवणं हाच खेळाचा गाभा, म्हणून लटकं प्रेम इथे चपखल बसतं. आवडलं तर पुढे बॉइसची ‘डेटिंग अँड ड्रॅगन्स’ आहेच.