नवख्या रेसरला पैसे कोण देणार? मुळशीतून स्पॉन्सर शोधताना

आजचा विषय ठरल्यापासून मुलांचे आणि पालकांचे बरेच फोन आले आणि प्रश्न सगळ्यांचा एकच: स्पॉन्सर कुठे भेटतो? त्याचं उत्तर देण्याआधी जमिनीबद्दल बोलावं लागेल, कारण मुळशीत पैशाची कुठलीही गोष्ट फिरून जमिनीपाशी येतेच. हिंजवडीत आयटी पार्क आलं, भूगाव, भुकूम, पिरंगुटचे दर चढले आणि गुंठ्यागुंठ्याने रानं गेली. २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ सिनेमा आला तेव्हा महाराष्ट्राला जे कळलं, ते इथे घराघरात आधीच माहीत होतं. आता त्याच पैशातून पोराला मोटोक्रॉसची बाईक घेऊन देणारे वडील आम्हाला भेटतात. बाईक येते, एक सीझन होतो. दुसऱ्या सीझनला टायर, प्रवास, एन्ट्री फी, मोडलेले पार्ट, आणि मग आणखी एक गुंठा. आम्ही हे ट्रॅकच्या कडेला उभं राहून बघतो, म्हणून पहिल्यांदाच सांगतो: शर्यतीसाठी जमीन काढू नका. घरच्या मिळकतीतून सहज निघेल आणि बाहेरून येईल, तेवढंच रेसिंग करायचं. आता ‘बाहेरून’ म्हणजे कुठून ते बघू.

प्रायोजक हा शब्द जड आहे, पण प्रकार आपल्याला नवा नाही. हा पैलवानांचा तालुका. कुस्तीगीर परिषद उभी करणारे मामासाहेब मोहोळ मुठा गावचे, आणि महाराष्ट्र केसरीची गदा त्यांच्याच स्मरणार्थ दिली जाते. इथे पैलवानाचा खुराक गावाने चालवलेला आहे. कुणी दूध दिलं, कुणी तूप, कुणी बदाम. जत्रेच्या आखाड्यात कुस्ती लागली की लाउडस्पीकरवर नाव पुकारलं जातं, ‘अमुक यांच्यातर्फे इतक्या रुपयांचं इनाम’. बैलगाड्याच्या घाटातही तेच. २०१४ च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानेही राज्याचा कायदा मान्य केला, आणि घाट सुरू झाले तसे फ्लेक्सवरचे देणगीदारही परतले. त्या माणसाला काय मिळतं याचा विचार करा. पंचक्रोशीसमोर नाव, आणि आपल्या गावचा गडी जिंकतोय याचा अभिमान. मोटर रेसिंगचा स्पॉन्सर याहून वेगळं काही मागत नाही. अडचण इतकीच की कुस्ती गावासमोर होते आणि तुमची शर्यत होते चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईत किंवा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर. पुण्यापासून चेन्नई सुमारे १,२०० किलोमीटर. गावातलं कुणी बघायला येत नाही. म्हणजे तिथली शर्यत इथे आणून दाखवणं हे तुमचंच काम आहे, आणि स्पॉन्सर त्या कामाचे पैसे देतो.

नवखी मुलं इथेच अडखळतात. पत्रात लिहितात, ‘मला लहानपणापासून रेसिंगची आवड आहे, कृपया मदत करावी.’ ही वर्गणीची भाषा झाली. वर्गणी मागितली की दुकानदार गणपतीला देतो तेवढेच देणार, तेही एकदाच. गाडीवर नाव लावायचे पैसे घेण्याची पद्धत फॉर्म्युला वनमध्येसुद्धा १९६८ साली रुळली. त्याआधी गाड्या आपापल्या देशाच्या रंगात धावायच्या. त्या वर्षी लोटसची गाडी गोल्ड लीफ सिगारेटच्या रंगात उतरली आणि गाडी म्हणजे चालता फलक हे सगळ्यांनी मान्य केलं. तुम्हीही जागा विकताय, असं समजून बोला.

मग पहिलं दार कुणाचं ठोठवायचं? मोठ्या टायर कंपनीचं नाही. एमआरएफ, जेके टायर, सिएट या खेळात पैसे घालतात हे खरं, पण त्यांचे पैसे बहुतेक स्पर्धा आणि टीमकडे जातात. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी आपल्याच म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलात झाली. नाव सिएटचं होतं आणि रायडर टीमनी लिलावातून घेतले होते. लिलावात बोली लागायला आधी निकाल लागतात, आणि निकाल लागायला पहिले दोन-तीन सीझन कुणीतरी चालवावे लागतात. ते कुणीतरी तुमच्या दोन-तीन किलोमीटरच्या आत असतं.

पिरंगुट-उरवडे रस्त्याला किती वर्कशॉप आहेत मोजा. सीएनसीवाले, पावडर कोटिंगवाले, फॅब्रिकेशनवाले. त्यांच्याकडे रोख मागू नका, काम मागा. फूटपेग वेल्ड करून द्या, फ्रेम कोटिंग करून द्या, ट्रेलरचा हुक बनवून द्या. तुमचे बाहेरचे दहा हजार वाचतात आणि त्यांची मशीन दोन तास चालते. बाजा आणि फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांसाठी गाड्या बनवणारी इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं वर्षानुवर्षं असंच करत आली आहेत. कुणी कटिंग देतं, कुणी बेअरिंग. खरं तर स्पॉन्सरशिप म्हणजे काय हे त्या पोरांना आपल्या रेसरांपेक्षा जास्त कळतं, कारण त्यांना स्पर्धेत खर्चाचा हिशोब आणि धंद्याची मांडणीही परीक्षकांपुढे करावी लागते.

दुसरं दार वाहन कंपन्यांच्या वन-मेक स्पर्धांचं. हेही स्पॉन्सरशिपच आहे, फक्त तिला कुणी तसं म्हणत नाही. टीव्हीएसची वन-मेक चॅम्पियनशिप १९९४ पासून चालते. रॉयल एनफिल्डने २०२१ मध्ये काँटिनेंटल जीटी कप सुरू केला. फोक्सवॅगनने २०१० मध्ये पोलो कप आणला तेव्हा तिची रेसिंगची शाखा इथेच, चाकणच्या जवळ होती. अशा स्पर्धांत निवड चाचणी असते आणि निवड झाली की गाडी कंपनीची, सगळ्यांना सारखी. फी भरावी लागते, पण स्वतःची रेस बाईक घेऊन तिचं इंजिन उघडत बसण्यापेक्षा ती कितीतरी परवडते. जेहान दारुवालाचं नाव सगळ्यांना माहीत आहे. मुंबईच्या या मुलाची २०११ मध्ये सहारा फोर्स इंडियाच्या ‘वन इन अ बिलियन’ शोधात निवड झाली तेव्हा तो कार्टिंग करणारा शाळकरी मुलगा होता. कार्टिंग करायचं तर चेन्नईला जायची गरज नाही, कोल्हापूरजवळ मोहितेज रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे.

आता सीएसआर. प्रत्येक व्याख्यानात कुणीतरी विचारतंच, ‘सर, हिंजवडीत एवढ्या कंपन्या, सीएसआरमधून नाही का मिळणार?’ हे नीट समजून घ्या, म्हणजे सहा महिने वाया जाणार नाहीत. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एकही ज्या कंपनीला लागू पडतं, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर घालायचे, असा २०१३ चा कंपनी कायदा सांगतो. त्याच्या यादीत खेळ आहे, पण शब्द आहेत ‘प्रशिक्षण’. ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक खेळ यांच्या प्रशिक्षणाला पैसे देता येतात. आणि २०२१ च्या दुरुस्त नियमांनी स्पष्ट केलं की आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरायची नाही. म्हणजे तुमच्या हेल्मेटवर कंपनीचा लोगो आला की तो खर्च सीएसआरमधून गेला. म्हणून एचआर किंवा सीएसआरच्या टेबलावर जाऊ नका, मार्केटिंगच्या टेबलावर जा. त्याहून सोपं, कंपनीच्या डीलरकडे जा. डीलरच्या हातात गावपातळीच्या जाहिरातीचं थोडं बजेट असतं आणि निर्णय एका माणसाचा असतो.

त्या माणसाला काय द्यायचं? समजा पौडमध्ये एक टायरचं दुकान आहे. त्याला ट्रॅकवरच्या टाळ्यांचा काही उपयोग नाही. त्याला गिऱ्हाईक हवंय. तर महिन्यातून एका रविवारी तुमची रेस बाईक त्याच्या दुकानापुढे उभी करा आणि स्वतः दिवसभर तिथे थांबा. येणाऱ्या पोरांना टायरचा दाब कसा बघायचा ते शिकवा. त्याच्या नावाने आठ-दहा छोटे व्हिडिओ करून द्या, मराठीत, त्याचा पत्ता दिसेल असे. शर्यत झाली की तीन दिवसांच्या आत निकाल आणि चार चांगले फोटो त्याच्या व्हॉट्सॲपवर गेले पाहिजेत, नंबर शेवटून दुसरा आला तरी. हे सगळं एका पानावर लिहून त्याच्यासमोर ठेवा: मी हे देईन, तुम्ही हे द्या, मुदत एक सीझन. आकडा मोकळेपणाने लिहा. ‘जमेल तेवढं’ असं लिहिलेलं पान बाजूला पडतं.

पानावर खर्चाचाही तक्ता द्या आणि त्यात सुरक्षेचं सामान सगळ्यात वर ठेवा. स्पॉन्सर मिळवायला ते उपयोगी पडतंच, पण आमचा हेतू वेगळा आहे. गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. आरोग्य विम्याच्या ठरावीक अपवादांमध्ये व्यावसायिकपणे साहसी खेळात भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च येतो, आणि तिथे मोटर रेसिंगचं नाव घेऊन लिहिलेलं आहे. तुम्ही हौशी आहात, पण पैसे घेऊन शर्यतीत उतरलात की विमा कंपनी तुम्हाला काय समजेल, हे आधी लेखी विचारून घ्या. कॉलरबोनच्या ऑपरेशनसाठी गुंठा विकायची वेळ येऊ नये.

कागदपत्रांचं थोडक्यात. अठरा पूर्ण नसतील तर करारावर आई-वडिलांची सही लागते, अज्ञानाचा करार कायद्यापुढे टिकत नाही. एफएमएससीआयचं, म्हणजे १९७१ पासून देशातल्या मोटरस्पोर्टचं काम बघणाऱ्या महासंघाचं, लायसन्स काढा आणि त्याची प्रत पत्राला जोडा, स्पॉन्सरला दुसरा पुरावा लागत नाही. स्पॉन्सर कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल आणि घेणारे तुम्ही एकटी व्यक्ती असाल, तर स्पॉन्सरशिपवरचा जीएसटी रिव्हर्स चार्जने तेच भरतात, हे त्यांच्या अकाउंटंटला माहीत असतं, तुम्हालाही असू द्या. धंद्याच्या संबंधातून वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर देणाऱ्याने १० टक्के कर भरायचा नियम जुलै २०२२ पासून आहे. टायरचे सेट फुकट मिळाले म्हणजे हिशोब नाही, असं समजू नका. तंबाखूवाल्यांचे पैसे २००३ च्या कायद्याने बंद आहेत, दारूच्या जाहिरातीला आपल्या राज्यात मनाई आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन ॲपची जाहिरात २०२५ च्या कायद्याने गुन्हा झाली. हे लोक नवख्याला पटकन गाठतात आणि आकडाही मोठा सांगतात.

आता ताम्हिणी. पावसाळ्यात शनिवार-रविवारी घाटात आणि लवासाच्या रस्त्यावर काय चालतं ते आपण सगळे बघतो. गुडघा टेकवून वळण घेतल्याचं रील टाकणाऱ्या मुलांपैकी काही खरंच चांगले चालवणारे आहेत. पण सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, पुन्हा केल्यास वर्षभरापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड. दंडाचं सोडा. डीलर पैसे देण्याआधी तुमचं इन्स्टाग्राम उघडतो. समोरून येणाऱ्या एसटीला चुकवताना घेतलेलं रील त्याला दिसलं की तो विचार करतो, उद्या हा कुणाला धडकला तर पेपरात फोटोबरोबर माझ्या दुकानाचं नाव येईल. आमच्या ओळखीतल्या एका मुलाची ठरलेली बोलणी अशाच एका जुन्या रीलवर मोडली. ती रील्स काढून टाका, आणि घाटात जाणं बंद करा.

वेळ संपत आलाय, चिठ्ठ्यांवरचे दोन प्रश्न घेतो.

एका ताईंनी विचारलंय, मुलीला स्पॉन्सर मिळणं अवघड जाईल का? घरच्यांना पटवणं अवघड जाईल, स्पॉन्सरला कमी. बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये बाजा प्रकारातला महिलांचा विश्वचषक जिंकला, ती टीव्हीएसच्या टीमची रायडर. वीस मुलांच्या रांगेत एक मुलगी असेल तर छापून येणारा फोटो तिचा असतो, आणि दुकानदाराला हे सांगावं लागत नाही.

दुसरा प्रश्न, पत्र मराठीत लिहावं की इंग्रजीत? पौड-पिरंगुटच्या दुकानदाराला आणि वर्कशॉपवाल्याला मराठीत, आणि ते पोस्टाने न पाठवता हातात द्या, दुपारी तीननंतर, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. कंपनीला इंग्रजीत, एका पानाच्या वर नाही. दोन्हीवर खाली वडिलांचा किंवा आईचा फोन नंबर घाला, कारण सतरा वर्षांच्या मुलाला फोन करून पैशाचं कुणी बोलत नाही.