भरतीच्या तोंडावरचं दार

मुंबईत पाणी तुंबलं की त्यावर सगळेच लिहितात. ते तुंबू नये म्हणून जे चालतं ते पाहून या, असं संपादकांनी सांगितलं. म्हणून जुलैतल्या एका उधाणाच्या दिवशी हाजी अलीच्या उदंचन केंद्रात गेलो. तिथली माणसं त्याला पंपिंग स्टेशनच म्हणतात. दर्ग्याकडे लोटणाऱ्या गर्दीचं या इमारतीकडे लक्ष जात नाही. पाऊस कोसळू लागला, की ताडदेव आणि मुंबई सेंट्रलकडचे रस्ते चालू राहणार की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी इथे ठरतं.

जागेचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडीतून समुद्र आत भायखळ्याच्या बाजूला पसरत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात, तिथे बांध घातला गेला. बांधकाम करणाऱ्या रामजी शिवजी प्रभूंना देवीनं दृष्टान्त दिल्याची आख्यायिका महालक्ष्मीच्या देवळात आजही सांगतात. बांधामुळे खाजणं सुकली आणि त्यांवर वस्ती उभी राहिली. पण सुकल्यानं जमीन उंच होत नाही. या सखल पट्ट्याचा बराच भाग अजून भरतीच्या पातळीखाली आहे. समुद्राला बाहेर काढलं, त्या दिवसापासून आतलं पाणी बाहेर काढण्याचं काम शहराच्या गळ्यात पडलं, ते कायमचं.

२६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर माधव चितळे समितीनं निचऱ्याची जी पाहणी केली, तिच्यातले आकडे हे काम किती मोठं आहे ते सांगतात. नाल्यांची समुद्रात उघडणारी तोंडं, म्हणजे पातमुखं, १८६. त्यांतली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली. १३५ तिच्या वर, पण भरतीच्या पातळीखाली. भरतीतही उघडी राहतील अशी फक्त ६. एरवी उताराने आपोआप वाहून जाणारं पाणी भरतीला अडतं, आणि दार नसेल तर समुद्रच नाल्यातून उलटा शहरात शिरतो.

हाजी अलीला ते दार आहे, आणि मी सर्वांत जास्त वेळ त्याच्यापाशीच रेंगाळलो. नाल्याच्या तोंडावरचं हे लोखंडी गेट खाली उतरलं, की बाहेर समुद्र आणि आत शहर अशी फाळणी होते. आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा उंच आहे तोवर गेट उघडं ठेवायचं. उतार फुकटात काम करतो, तिथे वीज कशाला जाळायची? बाहेरची पातळी वर चढली की गेट बंद करून पंप सुरू करायचे. सांगायला सोपं आहे. पण गेट लवकर टाकलं तर उताराने जाणारं पाणी विनाकारण कोंडतं, आणि उशीर झाला तर खारं पाणी आत येऊन पंपांना समुद्रच उपसत बसावं लागतं.

पाळीवरचे ऑपरेटर मूळचे कोकणातले. समोर पातळी दाखवणारे आकडे आणि भिंतीवर भरतीचं छापील वेळापत्रक असूनही त्यांनी आधी तिथी सांगितली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. चतुर्थीला तीनच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास. उधाण नेमकं भर दुपारी येतं, आणि त्याच वेळी पाऊस धरला तर जेवणाचा डबा उघडायचाही वेळ मिळत नाही. नजर मात्र सतत गेटच्या दोन्ही बाजूंना. त्यांची ती एकाग्रता पाहून मनात आदर दाटून आला.

इथे सहा पंप आहेत. प्रत्येकाची क्षमता सेकंदाला ६,००० लिटर. उन्हाळ्यात सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर एक पंप दोन सेकंदांच्या आत रिकामा करील. विहिरीच्या पंपासारखं खूप उंच चढवायचं नसतं. थोडंच उचलायचं, पण अफाट उचलायचं. सहाही चालले की सेकंदाला छत्तीस टन पाणी समुद्रात पडतं आणि पायाखालची फरशी थरथरते.

तरीही हिशोब मांडला की काळजी वाटू लागते. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरणार, असं धरून बांधलेली. मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानं तासाला ५० मिलिमीटर आणि मुरणं शून्य, असं धरायला सांगितलं, कारण मुरायला माती उरलीच नव्हती. अहवाल बारा वर्षं रखडला. मग २६ जुलैच्या त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि कामाला जोर आला. तासाला ५० मिलिमीटर पाऊस एका चौरस किलोमीटरवर पडला तर सेकंदाला सुमारे चौदा हजार लिटर पाणी होतं. म्हणजे हाजी अलीचे सहाही पंप मिळून जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचा भार पेलतात, तोही एवढ्याच पावसाचा. हल्ली त्याहून जोराच्या सरी नवलाच्या राहिलेल्या नाहीत.

त्याहून मोठी अडचण पंपाच्या अलीकडे आहे. पंपाला त्याच्यापर्यंत पोचलेलंच पाणी उचलता येतं. वरच्या अंगाला एखादी मोरी गाळानं किंवा आडव्या गेलेल्या केबल-पाइपांनी चोंदली, तर रस्त्यावर गुडघाभर पाणी असताना इथल्या संपमधली, म्हणजे पाणी गोळा होणाऱ्या हौदातली, पातळी खाली जाते आणि पंप थांबवावा लागतो. जे पाणी येतं, ते पंपांसमोरच्या जाळीपाशी प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, नारळ, लाकडाचे ओंडके घेऊन येतं. जाळी भरली की पंपाचा श्वास कोंडतो. भर पावसात तो कचरा ओढून काढणाऱ्या कामगारांवर छत्तीस टनांची ती सगळी क्षमता अवलंबून असते, आणि शहराच्या हिशोबात त्यांचं नाव कुठेच येत नाही.

मुंबईसाठी ठरलेल्या अशा आठ उदंचन केंद्रांपैकी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझधरबांध ही सहा उभी राहिली. मोगरा आणि माहुल जागेच्या प्रश्नात वर्षानुवर्षं अडकली. तोवर अंधेरी, कुर्ला, चेंबूरच्या सखल वस्त्यांनी पाणी सोसलं. दादरच्या सखल हिंदमाता परिसरासाठी प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या, ही मला शहाणपणाची दिशा वाटते: भरती उतरेपर्यंत पाणी थोपवून धरायचं. खाजणं, कांदळवनं आणि मिठागरं हेच काम पैसे न घेता करत आली आहेत, आणि उरलीसुरली तरी बिल्डरांच्या नकाशातून वाचवायला हवीत.

समुद्राची पातळी वाढते आहे. म्हणजे गेट बंद ठेवण्याचे तास वाढत जाणार आणि पंपांवरचा भारही. नवे पंप घ्यावे लागतील, ते घ्यावेतच. पण मोरीतला गाळ, जाळीवरचा कचरा आणि मातीवर ओतलेलं काँक्रीट यांची तजवीज त्याआधी व्हायला हवी. ती झाली नाही, तर कितीही मोठा पंप आणला तरी तो पाण्याची वाट बघत उभा राहील आणि माणसं पाण्यात उभी राहतील.