नाल लोखंडाची, पकड मातीची

आषाढी वारीला तुकोबांची पालखी देहूहून निघून आपल्या देहूरोडमार्गे आकुर्डीला मुक्कामी जाते. सोबतचे अश्व डांबरी रस्त्यावर सावकाश चालतात आणि पुढे बेलवाडीच्या रिंगणात मात्र वाऱ्यासारखे धावतात. पाय तेच, नाल तीच. बदलते ती पायाखालची जमीन.

घोड्याचा खूर म्हणजे आपल्यासारखंच नख. प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर घोडा सगळा भार तोलतो. दगडावर, डांबरावर खूर लवकर झिजतो, म्हणून नालबंद नाल ठोकतो. खिळे खुराच्या बाहेरच्या कडेत जातात. तिथे जाणीव नसते, त्यामुळे नीट ठोकलेली नाल दुखत नाही.

पण नाल झीज थांबवते; घसरणं थांबवतेच असं नाही. मातीत नालेची कड रुतते, मधल्या पोकळीत माती भरते आणि मातीला माती धरते. डांबरात किंवा फरशीत लोखंड रुतणार कसं? त्यात पाणी किंवा तेल सांडलं की पाय सरकलाच. म्हणून काही जण रबरी नाल किंवा कठीण टोकाचे खिळे वापरतात. मात्र पकड अतिघट्टही नको. पाय जागीच अडकला आणि अंग पुढे गेलं, तर सांधा मुरगळतो.

माथेरानला हेच घडलं. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे घोड्यावर अनेक घरं चालतात. लाल माती पावसात वाहून जाते म्हणून रस्त्यावर पेव्हर ब्लॉक आले. त्यावर घोडे घसरतात, असं घोडेवाल्यांचं म्हणणं. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घोड्याचा पाय मोडला, तर घराची कमाईच बसते.

आपल्याकडे वरातीची घोडी असते. तिच्यासाठी गटातून कर्ज घेणाऱ्या ताईंनी चाऱ्याबरोबर नालबंदीचाही खर्च धरावा. खूर वाढतच राहतो, म्हणून साधारण 6 ते 8 आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून ती पुन्हा ठोकावी लागते. नाल सैल वाजली तर तेवढीही वाट पाहू नका.

आणि ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी ओल्या रस्त्यावर घोडी नाचवायचा हट्ट धरू नये. कार्यालयाची गुळगुळीत फरशी लागण्याआधीच नवरदेवाला खाली उतरवा. चार पावलं चालल्यानं त्याचा मान कमी होत नाही, आणि घोडी धड राहिली तर तिच्या मालकिणीची चूल पेटती राहते.